यंदा गेलेली आपल्या माणदेशातली माणसं : आठवणी लिहा

माणकाठ (धागाकर्ता)

मंडळी, गावाकडं सध्या सातबारा दुरुस्तीची धांदल आहे. मेलेल्या खातेदारांची नावं कमी करायची आणि वारसांची लावायची, 'जिवंत सातबारा' म्हणून 2025 ला सरकारनं मोहीमच काढली ना, तेव्हापासून. काम चांगलं आहे, त्यात वाद नाही. आमच्या एका गटावर पणजोबांचं नाव होतं आणि त्यांच्या नातवांना आता कवळ्या बसल्यात. पण चावडीवर मयतांची यादी वाचली तेव्हा मी तिथं होतो आणि ऐकताना जरा कसंतरीच झालं, म्हणजे नाव, गट नंबर, मयत, वारस इतके, पुढचा. साठ साठ वर्षं ज्यानं ते रान कसलं त्याचं एका ओळीत आटपलं. कागद असाच असतो म्हणा, कागदाकडून अजून काय पाहिजे.

म्हणून हा धागा. आटपाडी, सांगोला, माण, जत, खानापूर, मंगळवेढा, जी जी आपल्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गेल्या वर्षा-दोन वर्षांत गेली त्यांच्याबद्दल लिहा. बाहेरच्यांनीही लिहा, हरकत नाही. नाव-आडनाव देऊ नका, नातं सांगा, तालुका सांगा, बास. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात नकोत, ते फ्लेक्सवर होऊन गेलंय. माणूस काय काम करायचा, कसा करायचा, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. थोरले चुलते, आम्ही दादा म्हणायचो, फाल्गुनात गेले, वय नव्वदच्या पुढं. आमच्या भावकीत मोट (बैलांनी विहिरीतनं पाणी ओढायची) हाकलेला शेवटचा माणूस. मोट हाकणं म्हणजे बैलामागं ओरडत फिरणं असं मला वाटायचं, पण दादा सांगायचे की खरं काम मागं सरताना असतं. जाताना बैल धावेवरनं उताराला ओढत जातात, वजन असतं, ते सोपं. थारोळ्यात पाणी पडलं की रिकामी मोट विहिरीत सोडायला बैलांनी तोंड न वळवता उलटं मागं यायचं, चढावर, आणि नाडा न् सोंदूर ह्या दोन्ही दोरांना सारखी ढील मिळाली पाहिजे, नाहीतर मोट वाकडी बुडते आणि अर्धीच भरते. नवीन बैलाला हे शिकवायला पूर्ण एक हंगाम जायचा म्हणे. दादा मागं सरताना चाबूक खाली ठेवायचे, नुसतं तोंडानं 'हं... हं' असा आवाज. तो आवाज ते पुढं म्हशीला, ट्रॅक्टर रिव्हर्स घेणाऱ्या नातवाला, सगळ्यांना करायचे.

72 च्या दुष्काळात विहीर तळाला गेली, बैल पावण्यांकडं नदीकाठाला सोडले आणि दादा-काकी दोघं पाझर तलावाच्या कामावर. सुकडी आणि लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरीबद्दल ते कधी तक्रार करायचे नाहीत, फक्त मिलोची भाकरी थापताना तुटते एवढं काकी सांगायच्या. त्या तलावात अजून पाणी थांबतं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलं तेव्हा नातवानं गाडीवरनं नेऊन दाखवलं. ओंजळीत घेऊन प्यायले, थोडं चघळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "किस्नाचं हाय व्हय, आळणी हाय." आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, जन्मभर तेच पिलेलं.

बोरीबाभळ

लई चांगलं काम केलंसा. मी बी ल्हितो, टायपिंग हळू हाय, चुकलं तर समजून घ्या.

आमचा मामा. जत तालुका. मेंढरं. शाळा बिलकुल न्हाई, सही बी अंगठा. पर दोनशे मेंढरात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे अंधारात सांगायचा, हात लावून न्हाई तर आवाजावरनं. मेंढरं मोजायचा न्हाई कधी. मी इचारलं मामा मोजत का न्हाईस, म्हणला मोजून काय, कमी असलं की कळतंय.

दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा हालायचा, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, करडं, लेकरं, आन कृष्णाकाठाला जायचं. तिकडचं बागायतदार मेंढरं रानात बसवून घ्यायचं, लेंडीखत आन मूत, एका रातीत रान कसं होतंय ते तिकडच्यास्नी माहीत. पयल्यांदा त्याचं धान्य मिळायचं, आता पैसं. पर मामाचं खरं कसब काय हुतं तर ज्या रानात बसवायचं त्या रानाची माती बघून किती राती बसवायचं हे त्यो सांगायचा आन मालकाचं ऐकायचा न्हाई. मालक म्हणणार अजून दोन राती बसवा, त्यो म्हणणार पीक जळंल, उठलो आमी. पैसं बुडत्यात तरी उठायचा.

गेला त्यो बी बिऱ्हाडावरच, पौषात, वाळव्याकडं. पिकअपमधनं आणला गावाला. आता हे कुणाला कळायचं न्हाई पर सांगतो, मेंढरांना सुतक नसतंय. तिकडं त्या रानातलं खाणं संपल्यालं, मालकाला नांगरायचं हुतं, तिसऱ्या दिवशी राख सावडायची आन त्याच दिवशी वाडा हालवायचा. मग धाकटा पोरगा मातीला आला आन थोरला मेंढरांमागं राहिला. थोरल्याला बापाची माती मिळाली न्हाई. लोकं नावं ठेवत्यात त्याला. मला तर वाटतं त्यानं बरोबर केलं, मामानं बी त्येच केलं असतं, मामाच्या बापाच्या टायमाला त्यानं केलंच हुतं.

एसटीची_खिडकी

बोरीबाभळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. असंच लिहा, टायपिंग राहू दे.

मला आमच्या आत्याबद्दल लिहायचंय. म्हणजे वडिलांची आत्या, सगळं गाव आक्का म्हणायचं. मंगळवेढा तालुका, काळी जमीन, ज्वारीचं कोठार वगैरे जे म्हणतात ते खरंच आहे, आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनपण आहे 2016 पासून. पण मानांकन कशाला मिळालं? मालदांडीला, ज्वारीच्या त्या जुन्या वाणाला मिळालं आणि ते बी टिकवलं कुणी, तर आक्कासारख्या बायकांनी, हे तिथल्या कुठल्या बोर्डावर मला तरी दिसलं नाही.

आक्का काढणीच्या आधी एकटी रानात जायची. पुरुष मंडळी अजून काढणीच्या मजुरांचं ठरवत असायची तोवर ही उभ्या पिकातून कणसं निवडून यायची. मोठं कणीस घ्यायची नाही, हे मला नेहमी विचित्र वाटायचं. ती म्हणायची बांधाकडेचं कणीस मोठं असतंच, त्याला जागा मिळालेली असते, त्यात त्याचं काय कौतुक, दाटीत उभं राहून जे भरलंय ते घ्यायचं. दाणा मोत्यासारखा, ताट सरळ, खोडकिडा नाही. मग ती कणसं वेगळी बांधून, वेगळी बडवून, उन्हं देऊन, राख आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात. गौरी-गणपती झाले की पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघायची. हे सगळं विद्यापीठात शिकवतात म्हणे, तिला कुणी शिकवलं होतं माहीत नाही, सासूनं शिकवलं असणार.

लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही, दिरांच्या घरात राहिली. जन्मभर त्या रानात राबली. आणि माणकाठ, तुम्ही म्हणता कागदावर एका ओळीत आटपतं, तर सांगते, आक्काचं तेवढंही नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे कमी करायचा प्रश्न नाही. चावडीवर वाचलेल्या यादीत ती नव्हती. रेशनकार्डावरचं नाव तेवढं कमी केलं.

चावडीबाहेर

महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे म्हणून बोलतो. आक्कांच्या बाबतीत जे झालं ते फार ठिकाणी झालंय. नवरा वारला की विधवेचं नाव वारस म्हणून लागायलाच पाहिजे, गाव नमुना 6 क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, मग सातबारा. पण व्हायचं काय तर एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून थोरल्या दिराचं नाव आधीच असायचं आणि मयताचा हिस्सा कधी वेगळा दाखवलेलाच नसायचा. किंवा विधवेचं नाव 'इतर हक्क' मध्ये ढकलायचं. मुलींचं तर बोलायलाच नको, दहावा-तेरावा झाला की बहिणींना गाडीत घालून हक्कसोडपत्रावर सह्या. 2005 ला कायदा बदलला, 2020 ला सुप्रीम कोर्टानं बाप 2005 ला हयात नसला तरी मुलीचा हक्क आहे असं स्पष्ट केलं, तरी सह्या चालूच आहेत. मी स्वतः कितीतरी नोंदी धरल्या अशा. कागद बरोबर, सही बरोबर, जबाब बरोबर, हरकत कुणाचीच नाही, मग नोंद मंजूर करण्याशिवाय काय करणार. सही करणारी बाई माझ्याकडं बघायची पण नाही.

(आणि तलाठी म्हणू नका आता, ग्राम महसूल अधिकारी झालेत ते. पाटी बदलली, बसायची खोली तीच.)

कांदाचाळ

मी तुमच्या पट्ट्यातली नाही, नाशिक जिल्ह्यातली, पण विषय निघाला म्हणून. माझ्या सासूबाई गेल्या आठ महिन्यांपूर्वी. 1986 च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेलेल्या त्या, आमच्या गावातून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून बायका गेल्या होत्या. शरद जोशींनी तिथं काय भाषण केलं ते त्यांना फारसं आठवत नव्हतं, पण इतक्या बायका एका ठिकाणी लग्नाशिवाय आणि यात्रेशिवाय पहिल्यांदाच बघितल्या, हे त्या शेवटपर्यंत सांगायच्या. आणि तिथं कुणीही कुणाला 'तुम्ही कुणाच्या?' असं विचारलं नाही म्हणे.

पुढं संघटनेचं लक्ष्मीमुक्तीचं आलं, नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. आमचे सासरे संघटनेचा बिल्ला लावून फिरणारे, गावात भाषण करून आले, घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या मग कधी जायचं. झालं, सहा महिने टोलवलं आणि शेवटी दिलं काय तर बरड, वीस गुंठे, नाल्याच्या कडेचं. सासूबाईंनी त्यात काय करावं? गाळ टाकून घेतला, दोन वर्षं ताग गाडला, आणि कांद्याचं बी धरायला लागल्या. कांद्याचं बी म्हणजे डेंगळे, म्हणजे पहिल्या वर्षीचे निवडक कांदे परत लावायचे, त्याला बोंडं येतात, मधमाश्या लागतात, जवळपास दुसऱ्या जातीचा कांदा फुलात असला की भेसळ. नाल्याच्या आडोशाला असल्यामुळं त्यांचं बी शुद्ध राहायचं. आजूबाजूची गावं बी न्यायला यायची. सासरे नंतर नंतर पावण्यांना ते वीस गुंठेच दाखवायला न्यायचे आणि बोलताना 'आपल्या मंडळींच्या शेतात' म्हणायचे.

त्या गेल्यावर वारस नोंदीत मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की नणंदांची नावं लागतील. लागली. घरात महिनाभर अबोला होता, आता बरं आहे.

दोनबैली

सगळे चांगल्या माणसांवरच लिहायला लागलेत म्हणून मी एका इरसाल माणसावर लिहितो. सांगोला तालुका. आमच्या बांधाला बांध, भावकीतलेच, तात्या. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात एक छंद केला, बांध कोरणे. दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधातनं. एकदम घ्यायचं नाही, एक तास, म्हणजे भांडायला जावं तर दिसतं ते इतकं थोडं की आपल्यालाच लाज वाटावी. चाळीस वर्षांत बांध असा झाला की त्यावरनं चालताना एक पाय त्यांच्या रानात एक आमच्या. वडिलांनी दोनदा केस केली, एकदा डोकं फुटलं (आमचं). बोलणं बंद, लग्नाला बोलावणं बंद, पण गंमत म्हणजे चहा चालू, टपरीवर एकाच बाकड्यावर पाठीला पाठ लावून.

सांजवारा

@दोनबैली माफ करा पण गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. त्यांची मुलंबाळं वाचत असतील.

दोनबैली

मुलं वाचतायत, थोरला इथंच आयडी घेऊन आहे, त्यानंच मला 'तात्याचं लिही' म्हणून मेसेज केला. ऐका पुढं.

तात्या गेले वैशाखात. मग दोन्ही घरच्या पोरांनी ठरवलं की आता सरकारी मोजणी आणून एकदाचं मिटवू. पैसे भरले, मोजणीवाले मशीन घेऊन आले, म्हणाले जुन्या हद्दीचा दगड दाखवा. आता तो दगड कुठाय? त्या अख्ख्या शिवारात मूळ दगड कुठं होता हे नक्की माहीत असलेला एकच माणूस, कारण त्यानंच तो हलवला होता. आम्ही दोन्ही घरची पोरं बाभळीखाली उभी, एकमेकांकडं बघत हसायला लागलो, मोजणीवाल्याला कळेना काय झालं. शेवटी नकाशावरनं काढलं. निघालं किती? पाऊण गुंठा. पाऊण गुंठ्यासाठी चाळीस वर्षं.

पण एक सांगतो, तात्यांना कुणाच्या रानात पूर्वी पाट कुठनं जायचा, कुठल्या विहिरीत कुणाचे किती आणे पाणी, कुठल्या आंब्यात कुणाची वाटणी, सगळं तोंडपाठ. दुसऱ्यांच्या भांडणात साक्षीला बोलवायचे लोक त्यांना, आणि दुसऱ्याच्या बाबतीत खोटं बोलायचे नाहीत. स्वतःच्या बांधाचं सोडून.

दहाव्याला कावळा शिवंना. दोन तास. भटजी म्हणाले दर्भाचा करू. तेवढ्यात आमचे वडील उठून म्हणाले, "तात्या, घे बाबा अजून एक तास." शिवला का? नाही शिवला. दर्भाचाच करावा लागला. पण सगळा दहावा हसत होता, तात्यांच्या बायकोसकट.

खिल्लारवेडा

दोनबैली 😂 आमच्याकडंपण असे आहेत, जिवंत आहेत म्हणून लिहीत नाही.

मी लिहितो खरसुंडीच्या बाजारातल्या एका हेड्याबद्दल. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल, लोकांना वाटतं लबाडच असणार, आणि थोडे असतातच. हे काका आमच्या वडिलांचे दोस्त, गेल्या पावसाळ्यात गेले. सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लारांचा बाजार भरतो तिथं यांचा एक ठरलेला लिंब. रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा, बघणाऱ्याला काय कळत नाही. बोट धरलं की किती हजार, दोन पेरं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून बघून पण मला नीट येत नाही. वय ओळखायला दात बघायचे तर तोंड उघडायच्या आधीच सांगायचे, आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे. भोवरे बघायचे, खूर बघायचे, चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो का बघायचे.

त्यांचं मोठेपण काय, तर बैलगाडा शर्यतींवर बंदी आली 2014 ला तेव्हा खिल्लार खोंडाचे भाव कोसळले, दावणीला बांधून खायला घालायचं परवडेना, त्यात ट्रॅक्टर. बाकीचे हेडी धंदा सोडून द्राक्षाच्या, डाळिंबाच्या दलालीत गेले. हे गेले नाहीत. बिनभावाचे खोंड स्वतःच्या दावणीला बांधले, ज्याला नको त्याचा घ्यायचा, ज्याच्याकडं गाय चांगली आहे त्याला वळू फुकट दाखवायचा. 2021 च्या शेवटी कोर्टानं शर्यतीला परवानगी दिली आणि 2023 ला ती कायम झाली तेव्हा भाव असे चढले की खोंडाला चारचाकी गाडीचा भाव. काकांनी तेव्हा कमवायला पाहिजे होतं, पण गुडघे गेले होते, बाजारात उभं राहवेना. पोरानं दावण विकली. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण विकताना सौद्याला स्वतः बसले आणि पोराला रुमालाखालचा हात घालू दिला नाही.

सांगोलेकर_एक

छान चाललाय धागा. एकच भर घालतो. आमच्या तालुक्यातले आबा, गणपतराव देशमुख, 30 जुलै 2021 ला गेले. 11 वेळा आमदार, एसटीनं फिरणारे, त्यांच्यावर पेपरांनी रकानेच्या रकाने लिहिले आणि लिहायलाच पाहिजे होतं. पण आबांच्या मागं खांद्यावर लाल झेंडा आणि पिशवीत भाकरी घेऊन पाणी परिषदांना चालत जाणारी जी पिढी होती ती आता एकेक करून जातेय. आमच्या गल्लीतले असे शेवटचे आजोबा मागच्या महिन्यात गेले. आटपाडीच्या पाणी परिषदेला दर वर्षी जायचे, नागनाथअण्णा नायकवडींचं भाषण झाल्याशिवाय जेवायचे नाहीत. स्वतःची जमीन अडीच एकर, कोरडवाहू, आणि पाणी आलं तेव्हा चारी त्यांच्या रानाच्या वरनं गेली, म्हणजे त्यांना मिळालंच नाही. त्याबद्दल विचारलं तर चिडायचे, "मी माझ्या पाण्यासाठी गेलो होतो व्हय?" जास्त लिहीत नाही, एवढंच त्यांच्याबद्दल पुरे आहे.

सांजवारा

मी मघाशी दोनबैलींना टोकलं त्याचं कारण सांगते. आमच्याकडं यंदा म्हातारं माणूस गेलं नाही, चुलत भाऊ गेला. तीस पण नव्हता. रात्रीची लाईट, आठवड्याचं वेळापत्रक असतं ना, काही दिवस दिवसा काही दिवस रात्री, रात्री थ्री फेज आली की पाणी द्यायला जायचं. मक्यात बारं मोडायला, म्हणजे पाणी फिरवायला गेला आणि मण्यार चावली. मण्यारीचं चावल्याचं दुखत पण नाही, घरी येऊन झोपला, पहाटे श्वास लागला. तालुक्याला पोचेपर्यंत गेला.

त्याच्याबद्दल काय लिहू. ड्रिप त्यानं स्वतः बसवलं होतं, यूट्यूब बघून. डाळिंबाला तेल्या रोग आला तेव्हा सगळ्यांनी बाग काढली, यानं अर्धी काढली आणि अर्धी ठेवली, म्हणाला बघू तरी काय होतंय. रोज सकाळी डागाळलेली फळं, पानं वेचून पोत्यात भरून बांधापलीकडं नेऊन जाळायचा, कात्री प्रत्येक झाडाला औषधात बुडवून घ्यायची, कुणी हसलं तरी. तिसऱ्या बहराला माल निघाला. तो त्यानं बघितला, हे बरं झालं. स्मार्टवॉच घेतलं होतं त्या पैशातनं, त्यात किती पावलं चाललो ते आम्हाला ग्रुपवर रोज पाठवायचा, मुद्दाम, आम्ही पुण्यात बसून खातो म्हणून.

चावडीबाहेर

सांजवारा ताई, वाईट वाटलं वाचून. एक कामाचं विचारतो, राग मानू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज केला का? वीज पडणं, विजेचा शॉक, सर्पदंश, विहिरीत पडणं सगळं त्यात येतं. मृत्यू झाल्यास 2 लाख मिळतात. 10 ते 75 वय. सातबारा स्वतःच्या नावावर नसला तरी खातेदाराच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला चालतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, 30 दिवसांत. आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, आपल्याकडं माणूस गेला की रडारडीत घाईनं माती उरकतात, पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, मग नंतर कागद कुठनं आणणार. त्या वेळी कुणीतरी एका शहाण्या पावण्यानं वाईटपणा घेऊन थांबवायला लागतं.

सांजवारा

केला आहे काका. शवविच्छेदन सरकारी दवाखान्यातच झालं होतं म्हणून कागद होते. वहिनीच्या नावानं केलाय. धन्यवाद. आणि दोनबैली, लिहा तुम्ही, तुमचं वाचून आमच्याकडं आई पण हसली, बऱ्याच दिवसांनी.

गलाई_कोइमतूर

आमच्या धंद्यातली माणसं पण आठवा की. खानापूर-आटपाडीतली अर्धी घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर (वितळवून शुद्ध करायच्या धंद्यावर) जगली, तमिळनाडू, केरळ, पार बंगालपर्यंत. आमचे मोठे मालक म्हणजे माझे चुलत आजे, इथंच दुकान, पन्नास वर्षं मुशीपुढं बसून ॲसिडचा धूर खाल्ला आणि सगळा पैसा गावाला विहिरीत घातला. विहिरीत म्हणजे शब्दशः, तीन विहिरी, दोन फेल. पाणाड्या सांगेल तिथं यारी (विहीर खोदायची क्रेन) लावायची. भाऊबंद म्हणायचे तिकडं फ्लॅट घे. घेतला नाही. पण शेती करायला कधी गेलेपण नाहीत, पाच दिवस गावात राहिले की दम लागायचा त्यांना, करमायचं नाही. फोनवरनं शेती. कुठल्या तुकड्यात काय पेरलंय, किती ओल आहे, वाटेकऱ्यानं खत घातलं का. इथंच गेले, विमानानं न्यायचं म्हटलं तर खर्च, इथंच अग्नी दिला, राख गावाला नेली आणि रानात खड्डा घेऊन त्यात टाकून वर आंबा लावला, हल्ली नदीत न टाकता असंच करतात आपल्याकडं. फेल गेलेल्या विहिरीच्या कडेलाच लावला कारण तिथं रान पडीकच होतं. गावकीचं म्हणणं पडलं चांगल्या रानात लावायला पाहिजे होता. मला नाही वाटत त्यांना फरक पडला असता.

कांदाचाळ

@एसटीची_खिडकी, आक्कांचं ते मालदांडीचं बी आहे का कुणाकडं अजून?

एसटीची_खिडकी

मडकी होती माळ्यावर, पाच-सहा. चुलतभावानं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा भोपळा, दोडका, गवारीचं सगळं गेलं, डंपरमध्ये. ज्वारीचं एका वाटेकरणीकडं आहे, ती आक्काबरोबर भांगलायला, खुडायला असायची, ती अजून तसंच कणसं निवडून धरते. मी मागच्या दिवाळीला जाऊन बघून आले. तिनं द्यायला नाही म्हटलं नाही पण विकत पण देणार नाही, बी घेतलं तर पुढच्या वर्षी दीडपट परत आणून द्यायचं अशी अट आहे. आक्काचीच पद्धत.

बोरीबाभळ

पेव (जमिनीखालचं धान्याचं कोठार) हाय का तुमच्याकडं अजून? मंगळवेढ्यात जुनी पेवं हुती आईकलंय.

एसटीची_खिडकी

होतं, आता वर फरशी आहे. पेव उघडायचं काम पण आक्काच सांगायची कसं करायचं. तोंड उघडून लगेच कुणाला उतरू द्यायची नाही, आत धान्याची वाफ कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरतो. आधी उघडं टाकून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. तुमच्याकडं कुणी जुनं पेव उघडणार असेल तर हे आधी सांगा त्यांना, हल्लीच्या पोरांना माहीत नसतं.

माणकाठ (धागाकर्ता)

सगळं वाचतोय, उत्तरं सावकाश देतो. वाटेकरणीच्या अटीवर मी बी घ्यायला तयार आहे, अर्धा एकर काळं रान आहे आमच्याकडं. @एसटीची_खिडकी, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, कुठल्या वारी ती घरी असते तेवढं कळवा. माण आणि कवठेमहांकाळवाल्यांनी अजून कुणी लिहिलेलं नाही. वडार मंडळींपैकी कुणी इथं असेल तर विहिरी फोडणाऱ्यांचं लिहा, आमच्या भागातल्या निम्म्या विहिरी ज्यांच्या हातच्या त्यांचं एकही नाव मला सांगता येत नाही.

चावडीबाहेर

विहिरी फोडणाऱ्यांचं माझ्याकडं थोडं आहे, त्यांच्यातले एक मिस्त्री माझ्या ओळखीचे होते, सुरुंगात दोन बोटं गेलेले. उद्या लिहितो. आता लाईट जायची वेळ झाली.